तीन रात्री रानात: ट्रेलर पहिल्यांदा विजेच्या प्लगशिवाय वापरताना

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला १४ फुटी ट्रेलर आहे. आत १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, घरी वापरतात तसला इन्व्हर्टर, छपरावर ३३० वॉटचं एक सोलर पॅनेल, ८० लिटरची पाण्याची टाकी, सांडपाण्याची ४० लिटरची, २० लिटरचं कॅसेट टॉयलेट (ज्याची खालची टाकी, म्हणजे कॅसेट, काढून रिकामी करता येते), १२ व्होल्टवरचा ४५ लिटरचा फ्रिज आणि छपरावर एक टनाचा एसी. आतापर्यंत जिथे मुक्काम केला तिथे प्लग मिळाला. आता डिसेंबरअखेर हुरड्याला मंगळवेढ्याकडे मेहुण्यांच्या रानात चौघांनी तीन रात्री राहायचं आहे. दुसरी बॅटरी घ्यावी की जनरेटर?

निघण्याआधी दोन्ही घेऊ नका. तुमची बॅटरी कमी पडणार हे खरं, पण ती लहान आहे म्हणून नव्हे. वीज दोन ठिकाणी गळते आहे. ती गळती तशीच ठेवून दुसरी बॅटरी बसवली तर तीही एक रात्र उशिरा बसेल, इतकंच.

आधी दारात रंगीत तालीम करा. ट्रेलर अंगणात किंवा पार्किंगमध्ये उभा करा, केबल काढा आणि चौघं सलग दोन रात्री आतच जेवा, झोपा, भांडी घासा. काही लागलं तरी घरातून आणायचं नाही, मोबाइलसुद्धा घरात चार्ज करायचा नाही. दाराला एक वही अडकवा. रात्री १०, पहाटे ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ वाजता बॅटरीचा व्होल्टेज, फ्रिजचं तापमान आणि टाकीतलं पाणी लिहा. टाकीला काच नसेल तर बादलीने मोजून भरा आणि बाहेरून दर १० लिटरला मार्करने रेघ ओढा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे साठवलेलं पाणी पुरवून वापरायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तीच सवय विजेला लावायची.

आता पहिली गळती. ३३० वॉटचं पॅनेल हे मूळचं मोठ्या, २४ व्होल्टच्या जोडणीचं. भर उन्हात ते साधारण ३७ व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास देतं. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर असतो. तो स्वस्तातला, पीडब्ल्यूएम जातीचा असेल तर पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. अँपिअर ९ च राहतात, पण व्होल्ट १३. म्हणजे ३३० वॉटच्या पॅनेलमधून हातात पडतात ११५ च्या आसपास. दुसऱ्या जातीचा, एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. स्थानिक बनावटीच्या ट्रेलरमध्ये ही चूक फार सापडते, कारण घरच्या सोलर इन्व्हर्टरसोबत आलेला कंट्रोलरच उचलून इथे बसवलेला असतो. डब्यावर ‘एमपीपीटी’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बॅटरी थोडी उतरलेली असताना, दुपारी १२ च्या उन्हात, कंट्रोलरवर पॅनेलच्या तारा जिथे येतात तिथे मल्टिमीटर लावा. १३-१४ व्होल्ट दिसले तर तो पीडब्ल्यूएम आहे, वर काहीही छापलेलं असो. ३० च्या वर दिसले तर खरा एमपीपीटी.

बदलायचा असेल तर ३० अँपिअरचा घ्या. पॅनेलच्या बाजूने किमान ७५ व्होल्ट सोसणारा हवा, कारण भार नसताना हे पॅनेल ४६ व्होल्टपर्यंत जातं. कंट्रोलर बॅटरीजवळ बसवा, मध्ये १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. सेटिंग पाण्याच्या लेड-अॅसिड बॅटरीचं ठेवा, १४.४ व्होल्टच्या आसपास चार्ज आणि १३.६ फ्लोट (भरल्यावर टिकवून धरायचा व्होल्टेज). जो काही खर्च करायचा तो सहलीआधी इथे करा.

दुसरी गळती इन्व्हर्टरची. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी तो चालू असताना दीड-दोन अँपिअर खात बसतो. २० वॉट धरा; २४ तासांत ४८० वॉट-तास झाले. तुमचा फ्रिज डिसेंबरच्या हवेत दिवसाला ४५० च्या आसपास खाईल. म्हणजे रिकामा इन्व्हर्टर फ्रिजपेक्षा जास्त खातो! उपाय सोपा आहे: दिवे, पंप, फ्रिज आणि मोबाइलचे यूएसबी सॉकेट थेट १२ व्होल्टच्या फ्यूजबॉक्सवर घ्या आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सर फिरवायच्या दोन मिनिटांसाठी चालू करा. समोरचं बटण बंद करूनही काही घरगुती इन्व्हर्टर आतून थोडं खात राहतात, म्हणून त्याच्या पॉझिटिव्ह तारेत वेगळा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा) स्विच टाका.

या दोन गोष्टींनी काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायचे ९००. डिसेंबरात पंखा लागत नाही, रात्री पारा १५ च्या आसपास असतो. खर्च असा:

फ्रिज ४५०,
चार एलईडी दिवे १००,
चार मोबाइल ६०,
पाण्याचा पंप २०,
किरकोळ ७०.

एकूण ७००. आवक: छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलला डिसेंबरात दिवसाला साधारण साडेचार तास पूर्ण उन्हाइतकं मिळतं. एमपीपीटी असेल तर वायर, धूळ, उष्णता असा सगळा तोटा वजा करून हजारच्या आसपास. जमा खर्चापेक्षा जास्त, म्हणजे तिन्ही रात्री निभावतील. आता आहे तसंच नेलं तर? जमा ५००, खर्च ७०० अधिक इन्व्हर्टरचे ४८०. पहिली रात्र कशीबशी जाईल, दुसऱ्या पहाटे चार-पाचला इन्व्हर्टर कुईं कुईं करू लागेल, आणि दोष बॅटरीच्या माथी पडेल.

व्होल्टेज वाचायची पद्धत नीट समजून घ्या, नाहीतर वहीतले आकडे फसवतील. चार्जिंग चालू असताना किंवा भार असताना दिसणारा आकडा खरा नसतो. पहाटे, ऊन यायच्या आत, फ्रिजसकट सगळं अर्धा तास बंद ठेवा आणि मग पाहा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० दिसले तर पाव उरली आहे आणि तुम्ही मर्यादा ओलांडली आहे. लेड-अॅसिडचे शेवटचे १५-२० टक्के अगदी रेंगाळत भरतात. कागदावर हिशेब जुळला तरी संध्याकाळी ती पूर्ण भरलेली नसेल, आणि हे तीन दिवस चालतं. घरी आल्यावर मात्र रात्रभर मेनवर लावून पूर्ण भरायलाच हवी.

फ्रिजबद्दल एक वेगळी तक्रार येते: बॅटरी निम्मी असताना फ्रिज आपोआप बंद पडतो. बहुतेक वेळा दोष बारीक वायरचा असतो. १.५ चौरस मिलिमीटरची वायर ६ मीटर ओढली तर जाऊन-येऊन १२ मीटर होते. फ्रिज ५ अँपिअर ओढतो तेव्हा वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. बॅटरीवर ११.९ असताना फ्रिजला ११.२ दिसतात आणि त्याचं संरक्षण त्याला बंद करतं. बॅटरीपासून थेट ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज टाका, तोटा ०.२ च्या आत येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज घरच्या प्लगवर गार करून घ्या आणि आत गारच वस्तू भरा. कोमट दुधाची पिशवी आणि दुपारची भाजी गार करण्यात बॅटरी घालवू नका.

पॅनेलच्या सावलीचं गणित सोलापूरच्या हिवाळ्यात वेगळं असतं. डिसेंबरअखेर सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच राहतो, भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपास. तुमच्या छपरावरचं एसीचं युनिट पॅनेलच्या दक्षिणेला आलं तर त्याची सावली पॅनेलवर पडेल. आणि अशा पॅनेलचा एक कोपरा झाकला तरी तिसरा हिस्सा सहज जातो. म्हणून ट्रेलर दक्षिणोत्तर लावा, पॅनेलचं टोक दक्षिणेला. उन्हाळ्यात झाडाची सावली शोधायची सवय असते, ती इथे मोडावी लागेल. डिसेंबरात लिंबाखाली उभं राहण्यात तोटाच आहे. पॅनेल सकाळीच ओल्या फडक्याने पुसा. रानातल्या फुफाट्याने दोन दिवसांत चांगला थर बसतो. दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं पाणी ओतलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते सहज निघत नाहीत.

एसीचा विषय एका परिच्छेदात संपतो. स्थिरावल्यावरही तो ७००-८०० वॉट घेतो. आठ तासांना ६००० वॉट-तास लागतात, तुमच्याकडे आहेत ९००. लिथियमवर न्यायचं म्हटलं तरी १२ व्होल्टवर ५०० एएचच्या वर बॅटरी आणि ती रोज भरायला १९०० वॉटची पॅनेलं. चौदा फुटी छप्पर पूर्ण झाकलं तरी तेवढी मावणं अवघड. प्लग नसेल तिथे एसी हे छपरावरचं ओझं समजा.

जनरेटर का नको, तेही पाहा. २ केव्हीएचा जनरेटर आणला तरी बॅटरीत वीज शिरते ती इन्व्हर्टरच्या चार्जरमधून, आणि हा चार्जर १०-१५ अँपिअरच देतो. तीन तास पेट्रोल जाळून ३०-४५ एएच. तेवढंच काम एमपीपीटी फुकट आणि मुकाट्याने करतो. तरीही न्यायचाच असेल तर ट्रेलरपासून किमान १५ पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि खिडकीखाली कधीच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रानात एक मोह हमखास होतो: मोटारीच्या पेटीतून वायर घेण्याचा. घेऊ नका. पंपाच्या स्टार्टरमध्ये तीन फेज असतात, बहुधा न्यूट्रल नसतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर भेटतात आणि चार्जर, फ्रिज, टीव्ही एका क्षणात जातात. कुणी ‘अर्थिंगचा न्यूट्रल करून देतो’ म्हणालं तर आणखी वाईट. ती अर्थिंग कोरड्या मातीत निकामी झाली की ट्रेलरचा पत्राच करंट मारू लागतो. वस्तीवर घरगुती सिंगल-फेज मीटर असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही आधी मल्टिमीटरने २०० ते २४० च्या मध्ये आहे का पाहायचं, आणि ट्रेलरच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तरच लावायचं.

पाणी

विजेपेक्षा आधी संपतं ते पाणी. चौघांचा दिवसाचा काटकसरीचा खर्च असा बसतो: पिणं १२ लिटर, स्वयंपाक ८, भांडी १२, हात-तोंड १२, टॉयलेट ८. झाले ५२. अंघोळी धरल्या तर दहा लिटरच्या बादलीने आणखी ४०. तुमची ८० लिटरची टाकी अंघोळीसकट एक दिवससुद्धा पुरत नाही.

म्हणून तीन वाटण्या करा. पिण्याचं पाणी टाकीतून घ्यायचंच नाही. २० लिटरचे दोन जार वेगळे न्या, तीन दिवसांना पुरतात. अंघोळी ट्रेलरबाहेर, मोटार चालू असताना तिच्या पाण्याखाली. पाहुण्यांच्या रानात याहून चांगली अंघोळ मिळणारही नाही. मग टाकीवर राहतो रोजचा ४० लिटरचा खर्च, म्हणजे ती दोन दिवस जाते आणि एकदाच भरावी लागते. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. त्या आठवड्यात दिवसपाळी आहे की रात्रपाळी हे मेहुण्यांना आधीच विचारा; रात्रपाळी असेल तर टाकी रात्री दोन वाजता भरावी लागेल.

भरताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. ठिबकच्या लाइनमधून पाणी घेऊ नका, कारण तिच्यात व्हेंचुरीतून (खत ओढून पाण्यात मिसळणारी नळी) खत सोडलेलं असतं. औषध कालवायचं पिंप किंवा फवारणीची बादली कितीही धुतलेली असली तरी वापरू नका. विहिरीच्या किंवा बोअरच्या मुख्य पाइपवरून, स्वतःच्या नळीने, फडक्यातून गाळून घ्या. रेतीचा एक कण पंपाच्या झडपेत अडकला की पंप फिरत राहतो आणि पाणी चढत नाही. पंपाच्या तोंडाची जाळी रोज उघडून पाहा.

निघण्याच्या आठवडाभर आधी टाकी निर्जंतुक करा. ८० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ८० मिलिलिटर टाका, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास तसंच ठेवा, मग रिकामी करून दोनदा साध्या पाण्याने धुवा. महिनोन्महिने बंद असलेल्या टाकीच्या पाण्याला जो कुबट वास येतो तो यानेच जातो. आत अत्तर ओतून काही होत नाही.

नळ पूर्ण सोडला की असा पंप मिनिटाला दहा-अकरा लिटर फेकतो. दात घासताना अर्धा मिनिट नळ चालू राहिला तर ५ लिटर गेले. नळाच्या तोंडाला पाणी कमी सोडणारी जाळी बसवा, किंवा सरळ तांब्या वापरा. तांब्याइतकं काटकसरीचं उपकरण कुणी बनवलेलं नाही. रात्री पंपाचा स्विच बंद करा. कुणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच ‘टर्र’ करत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती झोपेत टाकी रिकामी करते आणि त्यात पंप जळतो.

सांडपाण्याची टाकी ताज्या पाण्याच्या निम्मी आहे, त्यामुळे नळाचं सगळं पाणी तिच्यात गेलं तर ती एका दिवसात काठोकाठ भरेल आणि शॉवरच्या तळातून वर येईल. भांडी आत घासूच नका. बाहेर दोन घमेली मांडा: एकात घासायची, दुसऱ्यात विसळायची. शेंगाचटणीचं तेल आणि भरल्या वांग्याचा रस्सा आधी कागदाने किंवा चुलीच्या राखेने पुसून घेतला की पाणी निम्मं लागतं. उरलेलं साबणाचं पाणी रोज एका खड्ड्यात सोडा, विहीर, बोअर आणि ओढा यांपासून किमान ३० मीटर दूर. तसंच साठवलं तर दुसऱ्या दुपारी ट्रेलरमध्ये बसवणार नाही.

टॉयलेट

इथे परदेशी माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. त्यातला ‘चौघांना तीन दिवस’ हा हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपण पाणी वापरतो. जेट स्प्रे असेल तर एका वेळेला लिटर-दीड लिटर सहज जातं, ते सगळं कॅसेटमध्येच जमा होतं, आणि २० लिटरची कॅसेट दुसऱ्या सकाळीच लाल खूण दाखवते. जेट काढून ठेवा, अर्ध्या लिटरचा मग ठेवा. दिवसा वस्तीवरचा संडास वापरा आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवली तर तीन रात्री निभतात.

सुरुवातीला कॅसेटमध्ये दोन लिटर पाणी आणि औषध टाका. औषध जैविक, एन्झाइमचं घ्या. निळं फॉर्मॅल्डिहाइडवालं वस्तीच्या छोट्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. रिकामी करायची ती संडासातच, शेतात किंवा ओढ्यात कदापि नाही. दुपारी तापलेल्या कॅसेटमध्ये वायूचा दाब तयार होतो. ओतायच्या आधी हवेचं बटण दाबून दाब सोडा, नाहीतर पहिला शिंतोडा अंगावर येतो.

जागा

मंगळवेढ्याकडची काळी जमीन शाळूला उत्तम, ट्रेलरला वाईट. डिसेंबरात वरून टणक दिसते पण भेगा पडलेल्या असतात. जॅकचा पाय भेगेवर आला तर रात्री वजनाने एक कोपरा खाली बसतो. अवकाळी पावसाची एक सर आली तर तीच माती चाकाला लगदा होऊन चिकटते, आणि मग ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. शेजारच्या वाफ्याला पाणी सोडलं तरी तीच गत. बांधाकडेचा मुरमाड तुकडा, खळ्याची जागा किंवा वस्तीपुढचं अंगण शोधा. आधी पायी जाऊन टाच मारून पाहा. टाच रुतली तर चाक रुतणारच. आत शिरण्यापूर्वी बाहेर कसं पडायचं ते ठरवा. जोडलेला ट्रेलर अरुंद पाणंदीतून मागे घेणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

उभा करण्याचा क्रम बदलू नका. जोडलेला असतानाच आधी डावी-उजवी पातळी करा: ज्या बाजूला उतार आहे त्या बाजूचं चाक फळीवर चढवा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून अटकाव लावा. मग गाडी सोडा. पुढची-मागची पातळी पुढच्या जॉकी चाकाने (हुकाजवळचं छोटं, वर-खाली होणारं चाक) आणा. शेवटी चारही कोपऱ्यांचे जॅक, प्रत्येकाखाली फूटभर रुंद आणि दोन फूट लांब जाड फळी. हे जॅक हेलकावे थांबवायला असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलू गेलात तर त्यांचे पाय वाकतात आणि चौकटीला पीळ पडून दार लागेनासं होतं. अटकाव लावायच्या आत गाडी सोडणं ही सगळ्यात धोक्याची चूक आहे. ट्रेलरला हँडब्रेक असला तरी.

जमीन मालकाची परवानगी घरातलीच आहे, तरी गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री रानात अनोळखी पांढरी गाडी दिसली की गावात भलत्या चर्चा सुरू होतात. उद्या हाच उत्साह नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे वळेल. तिथे किंवा वनखात्याच्या कुठल्याही माळावर असा मुक्काम करायचा नाही.

गॅसचं सोपं आहे. ५ किलोची टाकी पुरून उरते. एक बर्नर तासाला १५० ग्रॅमच्या आसपास घेतो. नारंगी सुरक्षा पाइपवरची मुदत पाहा, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा, प्रवासात टाकी उभी आणि बंद ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असते, त्यामुळे टाकीच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत. बरेच फॅब्रिकेटर ती वर पाडतात, तेवढं तपासा. ट्युब्युलर बॅटरीचा कप्पा याच्या उलट: तिच्यातून निघणारा हायड्रोजन वर जातो, म्हणून त्या कप्प्याची वाट वरून आणि बाहेर. ही बॅटरी ५० किलोच्या वर भरते. पट्ट्याने आवळून बांधली नसेल तर पहिल्या खड्ड्यात अॅसिड सांडेल.

हुरड्याची आगटी ट्रेलरपासून किमान ३० फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ठिणग्या खिडकीच्या जाळीवर आणि छताच्या कापडावर जातात. आणि थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे घमेल्यात घालून आत आणू नका. बंद ट्रेलरमध्ये त्याने माणसं झोपेतच जातात. गोधडी पुरते. शाळूच्या कडेला मुक्काम म्हणजे उंदीर आणि त्यांच्या मागे साप आलेच: वायरी आत येतात ती भोकं स्टीलच्या काथ्याने बुजवा, चपला आत ठेवा. सर्पदंश झाला तर वेळ न दवडता १०८.

रस्त्याचं एवढंच. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर चढवा. गाळप हंगामात उसाचे काटे वाटेवर मिळतातच. हुकावर पडणारं वजन एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास हवं, पण गाडीच्या हुकावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. पाण्याची टाकी चाकांच्या आसाच्या मागे असेल तर ८० लिटर पाणी हुक हलका करतं आणि ट्रेलर शेपटी हलवू लागतो. तसं असेल तर टाकी रिकामी न्या आणि रानात भरा. अर्धी भरून तर नेऊच नका, पाणी हिंदकळतं. वेग ६० च्या आसपास. निघून ५० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळा, म्हणजे जवळपास मंगळवेढ्यात पोहोचल्यावरच. आणि उजेडात पोहोचा. या दिवसांत मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात.

आता बॅटरीचा निर्णय. परत आल्यावर वहीतले तिन्ही पहाटेचे आकडे पाहा. तिसऱ्या पहाटेही १२.३ च्या वर असेल तर काहीही विकत घेऊ नका. दर पहाटे थोडा थोडा खाली सरकत असेल तर आवक कमी आहे. दुसरं पॅनेल घ्या, बॅटरी नव्हे. दुसरं तसंच पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलं तर भार नसताना ९२ व्होल्ट होतात, त्याला कंट्रोलर ७५ चा चालत नाही, १५० चा हवा. आणि जोडणी सिरीज असो की पॅरलल (शेजारी-शेजारी), दोन पॅनेलांना ३० अँपिअरचा कंट्रोलर अपुरा पडेल. तिसरी शक्यता अशी की संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरते पण पहाटे १२.२ च्या खाली जाते. तेव्हा मात्र साठाच लहान आहे. तेव्हाही जुन्या बॅटरीला नवी जोडू नका, कारण जुनी नवीला आपल्याबरोबर खाली ओढते. जुनी घरच्या इन्व्हर्टरला द्या आणि ट्रेलरला १०० एएचची लिथियम फॉस्फेट घ्या: वापरायला ११५० वॉट-तास, वजन १२-१४ किलो. कंट्रोलरचं सेटिंग आणि चार्जर दोन्ही बदलावे लागतील, घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर तिला चालत नाही.

एप्रिलमध्ये असंच जायचा विचार असेल तर हे आकडे तसेच वापरू नका. फ्रिजचा खर्च दीडपट-पावणेदोनपट होतो, दोन १२ व्होल्टचे पंखे रात्रभरात ३०० वॉट-तास घेतात, आणि कोरड्या हवेत छोटा कूलर गारवा उत्तम देत असला तरी तासाला ५ लिटर पाणी पितो. दहा तासांत ५० लिटर, म्हणजे तुमच्या टाकीतलं अर्ध्याहून जास्त.